आमचा बॉयलर आणि एनिडबाईंची भिंत

बुधवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आमच्या स्वयंपाकघरातला बॉयलर पहिल्यांदा ओरडला, तेव्हा मी हातातली टोस्टची ताटली सोडून थेट टेबलाखाली गेलो. माझी बायको ग्लेनिस जागची हलली नाही. तिनं चहाचा घोट घेतला, खाली वाकून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "क्लिफ, मुरंबा तिकडेच देऊ का?"

मी भित्रा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. छत्तीस वर्षं मी नगरपालिकेत दुकानदारांची वजनमापं तपासली आहेत. खाटकाच्या हातात सुरा असताना त्याला 'तुमचा तराजू खोटा आहे' असं तोंडावर सांगायला काय काळीज लागतं, ते ज्यानं सांगितलं त्यालाच ठाऊक. पण खाटीक फुटत नाही. बॉयलर फुटतो.

आवाज तरी कसला! आधी तळाशी बुडबुड, मग खडखड, मग लोखंडी बादलीत दगड भरून जिन्यावरून सोडून दिल्यासारखी धडधड, आणि शेवटी एक लांबलचक शिट्टी. मी टेबलाखालूनच म्हणालो, "बंद कर त्याला!"

"तू लावलास, तूच बंद कर."

अखेर मी झाडूच्या दांड्यानं, शक्य तितक्या लांबून, बटण दाबलं. धडधड थांबली. आणि त्या शांततेत पलीकडून भिंतीवर टकटक झाली. भिंतीच्या पलीकडे नऊ नंबरात एनिड थ्रेडगोल्ड राहतात. वय शहाऐंशी, नवरा गेल्यापासून एकट्या. आमच्या विषम आकड्यांच्या ओळीतली सहा घरं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे भिंत सामाईक आणि कान तर त्याहून सामाईक.

"क्लिफर्ड? सगळं ठीक आहे ना हो?"

"हो हो, एनिडबाई! कपड्यांचं मशीन आहे!"

पलीकडे खुर्ची सरकली. मग आवाज आला, "पण तुमचे कपडे तर सोमवारी असतात."

मी झाडू हातात धरून चवड्यांवर भिंतीपासून मागे सरकलो. कारण तो दिवस होता नऊ ऑक्टोबर. आणि मी म्हणजे क्लिफर्ड हॅडो, ज्यानं हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे जाण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरचा शेवटचा रविवार उजाडण्याआधी, गेल्या एकतीस वर्षांत एकदाही बॉयलर पेटवून घर तापवायचं हीटिंग लावलेलं नाही. आमच्या ऑर्चर्ड रोडवर माणसाची पारख यावरूनच होते. कोण देवळात जातो, कोण कुणाला मत देतो, हे इथे कुणी विचारत नाही. ऑक्टोबर लागला की फाटकापाशी एकच प्रश्न असतो, "लावलंत का?" आणि उत्तरही एकच असतं, "छे हो! इतक्यात?" पाच नंबरचा नायजेल पोकॉक तर माझ्याशी हस्तांदोलन करताना माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवतो. गरम लागतो का ते बघतो, मेला.

मग मी बुडालो कसा? तर नातीपायी. माझी मुलगी इमोजेन सहा आठवड्यांच्या टॅबिथाला घेऊन शनिवारी दहा दिवस राहायला येणार होती, कारण जावई कामासाठी परगावी चालला होता. टॅबिथा या घरात अजून आलेलीच नव्हती. आणि इमोजेननं फोनवर साफ सांगून टाकलं होतं.

"डॅड, त्या बर्फाच्या पेटीत मी माझं बाळ आणणार नाही. मी त्या घरात अठरा वर्षं काढली आहेत. माझ्या खोलीत श्वासाची वाफ दिसायची. काही बोललं की तू म्हणायचास, स्वेटर घाल. टॅबिथाला मी किती स्वेटर घालू? खोली वीस डिग्री असली तर येईन, नाहीतर रोझलिंडकडे जाईन."

रोझलिंड म्हणजे तिची सासू. तिच्याकडे जमीनच गरम होते. फरशीखालून! लोक तिच्या घरात जानेवारीत अनवाणी फिरतात. मला विचाराल तर हा माजच झाला. पण त्या फोननंतर ग्लेनिसनं माझ्याकडे जे पाहिलं, त्यापुढे माझी एकतीस वर्षं पालापाचोळा. मागोमाग पोस्टानं एक प्लास्टिकचं बदक आलं. ते खोलीत ठेवायचं. खोली गार असेल तर ते निळं दिसतं आणि वीस डिग्री झाली की पिवळं होतं. बुधवारी सकाळी ते वरच्या खोलीत पाळण्याशेजारी गडद निळं होऊन बसलं होतं.

"हीटिंगवाल्याला बोलाव," ग्लेनिस म्हणाली.

"अगं, त्याची व्हॅन दारात उभी राहील. व्हॅनवर अक्षरं असतात. मोठी! पोकॉकला चष्मासुद्धा लागायचा नाही."

"मग फुटू दे बॉयलर. निदान ऊब तरी येईल."

असल्या प्रसंगी विनोद करणारी बायको देव शत्रूलाही देऊ नये. मी बॉयलरबरोबर आलेलं माहितीपत्रक काढलं. त्याची चौसष्ट पानं होती, त्यातल्या एकोणीस पानांवर लाल त्रिकोणात उद्गारचिन्ह होतं, आणि प्रत्येक त्रिकोणाखाली माझ्या मरणाची एकेक वेगळी तऱ्हा दिली होती. मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पाळणा वरच्या खोलीत बरोबर बॉयलरच्या डोक्यावर होता. मी टेप घेऊन मोजलं. दोन मीटर सत्तर सेंटिमीटर. पाळणा ओढत समोरच्या भिंतीशी नेला. चार मीटर दहा. बॉयलर फुटला तर चार मीटर दहा पुरतात का, हे चौसष्ट पानांत कुठेही नव्हतं.

आता सल्ला तर हवा, पण कशासाठी हवा ते सांगायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शेवटी गुरुवारी सकाळी ग्लेनिस तिच्या वाचनालयातल्या कामावर गेल्यावर मी फाटकापाशी पोकॉकला गाठलं आणि सांगितलं की माझ्या कार्डिफच्या मेहुण्याचा बॉयलर आवाज करतोय.

"तुम्हाला कार्डिफला मेहुणा आहे?" पोकॉकनं विचारलं.

"लांबचा."

"कसला आवाज?"

मी आवाज करून दाखवला. अगदी शिट्टीसकट. पोकॉकचा चेहरा उतरला. तो जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "क्रॉयडनला माझ्या ओळखीच्या एकाकडे अगदी असाच आवाज यायचा. एक दिवस गेला बॉयलर! त्याचं दार चौथ्या घरातल्या माशांच्या तळ्यात सापडलं."

"आणि माणूस?"

"माणसाचं काही कळलं नाही. मासे मेले एवढं नक्की." मग त्यानं खांदे उडवले. "बहुतेक रेडिएटरमध्ये हवा अडकली असेल. किल्लीनं काढायची, दोन मिनिटांचं काम. पण मी म्हणतो, तुमचा मेहुणा ऑक्टोबरात लावतोच कशाला? शरम नाही वाटत?"

"मी हेच म्हणालो त्याला," मी म्हणालो.

घरी परतताना मागच्या कुंपणाशी एनिडबाई दिसल्या. मी मान खाली घालून सटकणार तेवढ्यात त्यांनी हाक मारली. "क्लिफर्ड, त्या तुमच्या मशीनचा आवाज काल फार वेळ आला नाही."

"बिघडलंय हो जरा."

"माझा स्टॅन म्हणायचा, बोलणाऱ्या यंत्राला भिऊ नये, मुक्याला भ्यावं." त्या कुंपणावर किंचित झुकल्या. "मग, परत चालू करणार ना?"

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, बाई टोमणा मारताहेत. आमच्या रस्त्यावर हीटिंग न लावण्यात पहिला नंबर कायम त्यांचा. घड्याळं मागे गेली तरी त्यांच्याकडे शुकशुकाट असायचा. माझा नंबर दुसरा. विजेता हरणाऱ्याची फजिती बघतोय, असा माझा समज झाला. मी काहीतरी पुटपुटून आत आलो.

तर हवा काढायची. पितळेची इवलीशी किल्ली, खोलीतल्या रेडिएटरच्या, म्हणजे बॉयलरचं गरम पाणी ज्यात खेळतं त्या लोखंडी पत्र्याच्या, कोपऱ्यात घालायची, पाव वेढा फिरवायचा, फुस्स होऊन हवा जाते आणि पाण्याचा थेंब आला की बंद करायची. इंटरनेटवरच्या चित्रफितीतला माणूस हे काम शीळ घालत करत होता. मी किल्ली फिरवली तेव्हा फुस्सही झालं नाही आणि थेंबही आला नाही. डांबरासारखं काळं पाणी सरळ पिचकारी मारून ग्लेनिसच्या पांढऱ्या गालिच्यावर पडलं. मी घाबरून हाताला लागेल ते कापड ओढलं आणि दाबून धरलं. पाणी थांबल्यावर पाहिलं तर ते कापड म्हणजे ग्लेनिसनं चार महिने खपून टॅबिथासाठी विणलेली लोकरीची शाल होती.

एखाद्या समंजस माणसानं इथे थांबून एक कप चहा घेतला असता. मी शाल ओव्हनमध्ये लपवली आणि दुसऱ्या रेडिएटरकडे वळलो.

तीन रेडिएटर झाल्यावर स्वयंपाकघरात येऊन पाहतो तर बॉयलरवरचा दाबाचा काटा शून्यावर झोपलेला. काटा शून्यावर म्हणजे आत पाणी नाही, पाणी नाही म्हणजे रिकामं भांडं विस्तवावर, आणि त्यापुढचं पोकॉकनं सांगितलेलंच होतं. चित्रफितीतला माणूस म्हणाला, बॉयलरच्या पोटाखाली वाकडी नळी आहे, तिच्या दोन्ही तोट्या उघडा, काटा दीडवर आला की बंद करा. मी उघडल्या. आत पाण्याचा सूं सूं आवाज सुरू झाला. काटा हलेना. मी त्याच्याकडे बघत बसलो, तो माझ्याकडे. एवढ्यात आठवलं की वर टॅबिथाच्या खोलीतला रेडिएटर राहिलाय. तेवढा उरकून येऊ म्हणून वर धावलो, किल्ली फिरवली, आणि या वेळी खरंच फुस्स झालं.

पण वास! सडक्या अंड्यांचा वास. पाळण्याच्या आजूबाजूला, त्या बदकाच्या तोंडावर, सगळीकडे. माझ्या डोळ्यांपुढे लाल त्रिकोण नाचायला लागले. गॅस! घरात गॅस भरलाय! मी भराभर खिडक्या उघडल्या. तरी जिना उतरताना मनात आलं की बाहेर सगळे बघतील, अंगात ही बागकामाची पँट बरी दिसायची नाही. मी पँट बदलली. मरणाच्या दारातही माणसाला कशाची भीती वाटते बघा.

गॅसच्या तातडीच्या नंबरावर एक बाई होती. मी म्हणालो, "माफ करा, तुम्हाला त्रास द्यायचा नव्हता. कामात असाल तर दुपारी करतो फोन."

"साहेब, वास येतोय का?"

"किंचित. म्हणजे भयंकर."

"हीटिंग चालू होतं का?"

मी आवाज खाली आणला. "हो."

"ऐकू आलं नाही. मोठ्यानं बोला!"

"हो! होतं चालू! काल सकाळी लावलं होतं!" मी ओरडलो. खिडक्या मी नुकत्याच उघडल्या होत्या. फाटकापाशी पोकॉकची कात्री झुडपावर थबकलेली मला स्पष्ट दिसली.

"ताबडतोब बाहेर पडा. दिव्याच्या बटणाला हात लावू नका. भिंती सामाईक आहेत का?"

"दोन्हीकडच्या."

"मग दोन्हीकडच्या लोकांनाही बाहेर काढा."

"त्यांना नाही सांगितलं तर नाही का चालणार?"

बाईंनी जे उत्तर दिलं ते फोनवर बोलणी ध्वनिमुद्रित होत असतानाही दिलं.

मी एनिडबाईंचं दार ठोठावलं. दार लगेच उघडलं. बाई ओव्हरकोट, लोकरीची टोपी, गळपट्टा आणि हातमोजे अशा जय्यत तयारीत उभ्या होत्या. मला वाटलं, निघाल्यात कुठेतरी. "एनिडबाई, चला बाहेर, माझं घर फुटतंय!" असं म्हणून मी त्यांचा हात धरला. हातमोज्यातूनही त्यांचा हात गार लागला.

दहा मिनिटांत गॅसचा माणूस आला. नाव एरल. धिप्पाड आणि संथ. त्यानं ओळीतल्या सहाही घरांच्या लोकांना मागच्या मैदानावर उभं केलं. रात्री हिव पडलं होतं, गवत पांढरंशुभ्र होतं आणि सगळे सपाता घालून त्यावर कुडकुडत होते. मी पँट बदलल्याचा मला त्या क्षणी खरोखर आनंद झाला.

"सगळ्यांनी हीटिंग बंद केलंत ना?" एरलनं विचारलं.

"आमचं लावलेलंच नाही," पोकॉक माझ्याकडे रोखून बघत म्हणाला. "घड्याळं मागे जाण्याआधी आमच्याकडे कुणी लावत नाही. सभ्य माणसं तरी."

"आमचंही नाही," अकरा नंबर म्हणाले. एक आणि तीन नंबरांनी माना डोलावल्या. भूमी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

एरलनं मात्र पोकॉकच्या डोक्यावरून मागे पाहिलं. "मग ते काय आहे?"

आम्ही सगळे वळलो. आमच्या रस्त्यावर एकमेकांच्या घरांची तोंडंच तेवढी बघायची पद्धत आहे, पाठ बघायला सकाळी सकाळी मैदानावर कोण येतंय? बॉयलरची धुराडी सगळ्यांची मागच्या भिंतीत. आणि त्या थंड, स्वच्छ हवेत एक नंबर, तीन नंबर, पाच नंबर, अकरा नंबर, सगळ्यांच्या मागून पांढऱ्या वाफेचे लोट खुशाल वर चालले होते. घरोघरी मातीच्या चुली! पोकॉकच्या घरचा लोट सगळ्यांत जाडजूड होता.

"चाचणी चाललीये," पोकॉक म्हणाला. "वार्षिक."

चार जण गुपचूप जाऊन बंद करून आले. आयुष्यात मला इतकं हसू कधी आलं नव्हतं आणि इतकी भीतीही कधी वाटली नव्हती, कारण एरल एव्हाना माझ्या घरात शिरला होता, आणि शनिवार दोन दिवसांवर होता.

वीस मिनिटांनी तो बाहेर आला. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली आणि हातात ती शाल. नेमकी त्याच वेळी ग्लेनिस वाचनालयातून पोचली.

"गॅस कुठेही नाही," एरल म्हणाला. "जुन्या रेडिएटरमध्ये गंज धरला की असा वास कोंडून राहतो. बॉयलरच्या आत हे एवढं चुन्याचं पुट बसलंय, तेच तापून ओरडतंय. तुमच्या इथलं पाणीच तसं आहे. आणि साहेब, तुम्ही तोट्या उघड्याच ठेवल्या होत्यात. काटा पार लाल रेषेपलीकडे गेला आणि सगळं पाणी मागच्या नळीतून उडालं. मी तिथेच उभा होतो."

"आणि हे काय आहे?" ग्लेनिसनं त्याच्या हातातल्या काळ्या बोळ्याकडे बोट केलं.

"ओव्हनमध्ये होतं, बाई. गॅस शोधताना सापडलं."

ग्लेनिसनं शाल हातात घेतली, एका कोपऱ्यातलं विणलेलं सशाचं पिल्लू ओळखलं, आणि शाल नीट घडी करून काखेत धरली. तिनं मला झोडपून काढलं असतं तर मी खुशीत मार खाल्ला असता.

बॉयलरला एरलनं लाल चिठ्ठी अडकवली. साफसफाई झाल्याशिवाय वापरायचा नाही. तो फक्त वासासाठी येतो, साफसफाई हीटिंगवाल्याची. तेव्हा पोकॉक खाकरला. "माझा माणूस आहे एक," तो पुटपुटला. "चांगला आहे. माझ्याकडे तीन सप्टेंबरला येऊन गेला." तीन सप्टेंबर! पण त्याला फोन लावला तर तोही म्हणाला, या आठवड्यात सगळा गाव एकदम जागा झालाय, बारा दिवसांनी येतो.

बारा दिवस. ग्लेनिस मैदानावरच्या बाकावर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे मी आता रोझलिंडकडे जायचं. पाहुणी म्हणून. त्या गरम फरशीवर अनवाणी बसायचं आणि माझी नात तिच्या मांडीवर बघायची. तुझी एकतीस वर्षं झाली क्लिफ, माझं काय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी गावभर दाखवून करून घेतलं होतं. एवढ्यात एरल सहज म्हणाला, "नऊ नंबरच्या धुराड्याला कोळ्यानं जाळं विणलंय. तिथला बॉयलर कधीपासून बंद आहे?"

सगळे एनिडबाईंकडे बघायला लागले. त्या विजेत्या! आमच्या रस्त्यावरची एकुलती एक खरी निष्ठावंत. मी तर टाळ्याच वाजवणार होतो. पण बाई खाली बघत होत्या.

"स्टॅन गेल्यापासून," त्या म्हणाल्या. "चार वर्षं झाली. तोच लावायचा नेहमी. तो गेल्यावर मी एकदा लावायला गेले, तर आतून धप्प झालं. मी त्याच्या खुर्चीमागे जाऊन बसले. परत हात लावायचा धीर नाही झाला."

"मग थंडीत करता काय?" ग्लेनिसनं विचारलं.

"क्लिफर्डचा बॉयलर आहे ना. त्यांच्या स्वयंपाकघरात, माझ्याच भिंतीला. तो चालू झाला की भिंत छान गरम होते. मी खुर्ची लावून तिथे बसते. ऑक्टोबर जरा कठीण जातो. रोज सकाळी भिंतीला हात लावून बघते, क्लिफर्डनं लावलं का." त्या माझ्याकडे बघून हसल्या. "म्हणून काल तुमचं मशीन ओरडलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, या वर्षी लवकर लावलं."

घरातल्या घरात ओव्हरकोट, टोपी, हातमोजे. ती बाई कुठेही निघालेली नव्हती.

"अहो, मग मला सांगायचं ना!" मी म्हणालो. "एका शब्दानं बोलायचं!"

"तुमचं तत्त्व होतं ना हो," एनिडबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षांचं. कुणाच्या तत्त्वात मध्येच कसं बोलायचं?"

पोकॉकनं नाक शिंकरलं. ग्लेनिस उठली, डोळे पुसले आणि एरलला विचारलं, "चहा घेणार?"

आता बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, पण कारागिराला आमच्याकडे या प्रश्नानं जे करायला लावता येतं ते कोर्टाच्या हुकमानंही लावता येत नाही. एरलनं दोन कप चहा घेतला, चार बिस्किटं खाल्ली, हे आपलं काम नाही असं दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्या कपाचं पाणी उकळतंय तोवर नऊ नंबरचा बॉयलर उघडून पाहिला. धुराड्यातलं जाळं काढलं, ज्योतीची नळी साफ केली, यंत्र लावून हवा तपासली. "यंत्र ठणठणीत आहे," तो म्हणाला. "सुरू होताना धप्प करणारच, ही जुनी जात तशीच. आता कुणीतरी बटण दाबा. बाईंना शिकवून ठेवा, रोज मी नाही येणार."

एनिडबाई माझ्याकडे बघायला लागल्या. ग्लेनिसही बघायला लागली. पोकॉक दारात उभा होता, तो तर बघतच होता.

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला त्या बॉयलरपुढे गुडघे टेकल्यावर कळलं. मी बोट बटणापर्यंत नेलं आणि दोनदा मागे घेतलं. क्रॉयडन, माशांचं तळं, चौसष्ट पानं, सगळं एकदम आठवलं. एनिडबाई माझ्या शेजारी वाकल्या, हातमोजा काढला आणि त्यांचं गारठलेलं बोट माझ्या बोटावर ठेवलं. "मी पण घाबरलेय," त्या म्हणाल्या. "दोघं दाबू."

दाबलं. आतून धप्प झालं. मी किंचाळलो, त्या किंचाळल्या, आणि पोकॉक, खरं सांगतो, स्टॅनच्या खुर्चीमागे गेला. मग निळी ज्योत सरळ झाली आणि बॉयलर मांजरासारखा घुरघुरायला लागला.

शनिवारी इमोजेन आली ती नऊ नंबरात. तसं ग्लेनिस आणि एनिडबाईंनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं, मला विचारायची गरज कुणालाही वाटली नव्हती. पाळणा तिकडे गेला, बदक तिकडे गेलं आणि तासाभरात पिवळं झालं. ग्लेनिसही उशी घेऊन तिकडे गेली. एनिडबाईंची वरची खोली चार वर्षांनी उघडली, आणि बाई फुलाफुलांचा पातळ झगा घालून घरभर फिरत होत्या. मी टॅबिथाला दहा मिनिटं घेतलं, पण माझे हात गार म्हणून माझ्याकडून काढून घेतली.

"घरी जाऊन हात गरम करून ये," ग्लेनिस म्हणाली.

घरी! कशावर? मी दोन स्वेटर घातले, वर कोट घातला, स्वयंपाकघरात माझ्या लाल चिठ्ठीवाल्या बॉयलरखाली खुर्ची ठेवली आणि बसलो. थोड्या वेळानं दुधाची बाटली विसरली म्हणून इमोजेन आली. मला तशा अवतारात बघून दारातच थांबली.

"डॅड, थंडी वाजतेय?"

"छे," मी म्हणालो. मग म्हणालो, "हो. खूप वाजतेय."

"आम्ही लहान असताना?"

"तेव्हाही वाजायची."

"मग?"

"पोकॉकला भ्यायचो," मी म्हणालो.

तिनं माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं, गळपट्टा नीट केला आणि बाटली घेऊन गेली. मी एकटाच उरलो. बॉयलर मुका होता, टेबल गार, चहा गार. सहज म्हणून मी पाठीमागच्या सामाईक भिंतीला हात लावला. भिंत गरम होती. तळहात पुरता टेकवला, मग गालही टेकवला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, एनिडबाई कुणाशी तरी लाडं लाडं बोलत होत्या, आणि टॅबिथा मधूनच कुरकुरत होती. चार वर्षं दर ऑक्टोबरात ती बाई तिकडून अशीच हात लावून बसली होती, आणि इकडे मी अभिमानानं कुडकुडत होतो. मला माझी इतकी लाज वाटली की कुणी बघत नसतानाही मी मान खाली घातली.

तेवढ्यात टकटक झाली. तीनदा.

"क्लिफर्ड, चहा ओतलाय. आणि ती हसली हो आत्ता! खरं हसली! लवकर या!"

मी उलट तीनदा टकटक केलं, दोन्ही हात एकदा त्या भिंतीवर चांगले शेकून घेतले, आणि धावत सुटलो.